पेडलचा बाक

"दाब!"

कर्र्र.

"सोड!"

पुन्हा कर्र्र. पेडल निम्म्या वाटेत अडकलं, विचारात पडल्यासारखं थांबलं आणि मग सावकाश वर आलं.

"परत तेच!" ताई वरून ओरडली. "आणि तू खाली झोपलास की काय?"

मी झोपलो नव्हतो. ताईच्या जुन्या पिकअपखाली गोणपाटावर उताणा पडून ब्रेकच्या पेडलचा दांडा नेमका कुठे घासतोय ते शोधत होतो. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. गाडीखाली शिरण्याची ही पहिलीच वेळ. चष्मा तिरका झाला होता, नाकावर ग्रीसचा थेंब पडला होता, आणि मला इतकी मजा येत होती की सत्तरी उलटलेल्या माणसाला ती शोभते की नाही, अशी शंका येत होती. खरं तर खाली जायचा मान मेकॅनिकचा. पण त्याचं पोट गाडीखाली मावेना. "मामा, तुम्ही काटकुळे. तुम्हीच सरका," असं म्हणून त्याने मला ढकललं होतं. सगळं गाव त्याला नटबोल्ट म्हणतं. तोही स्वतःला तेच म्हणतो.

दुपारी मोठ्या मैदानावरून जुन्या गाड्यांची फेरी निघायची होती आणि ताईच्या पिकअपला तिच्यात जागा मिळाली होती. मैदानाच्या फाटकावर तपासनीस प्रत्येक गाडीचे ब्रेक बघणार होता. अडकणारं पेडल घेऊन कोणी आत सोडलं नसतं. एरवी ताई म्हणाली असती, पुढच्या वर्षी जाऊ. पण तिचं लायसन पुढच्या महिन्यात संपत होतं. दिवसाउजेडी अजून चालवा, नवीन लायसनसाठी मात्र मी सही करणार नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला सांगून टाकलं होतं. त्यामुळे फेरीत आज गेली तर गेली.

ताई आणि भावजी मिळून रुग्णालयाच्या चादरी धुण्याचं काम करायचे. भावजी धुवायचे, वाळवायचे, इस्त्री करायचे. ताई गाडी चालवायची. सकाळी स्वच्छ गठ्ठे पोहोचवायचे, मळके घेऊन यायचे. भावजींना गाडीची खडान्‌खडा माहिती, पण चाकामागे बसले की हातपाय गार पडायचे. "मी गाडीखालचा शूर, गाडीतला भित्रा," असं ते स्वतःच सांगायचे. ते कायम डाव्या सीटवर बसत आणि वळणावर नसलेला ब्रेक पायाने दाबत. बाई गाडी चालवते म्हणून सुरुवातीला रुग्णालयाच्या मागच्या दारावरचा पहारेकरी हसायचा. पुढे तोच ताईला विचारून आपलं घड्याळ लावू लागला. भावजी गेले, काम बंद झालं, गाडी मागच्या शेडमध्ये राहिली. ताई रोज तिच्यावर फडकं मारायची आणि आठवड्यातून एकदा कोपऱ्यापर्यंत फिरवून आणायची. तिच्या आयुष्यात सांगण्यासारखं काही नाही, असं ती म्हणते.

यंदा भाचीने, म्हणजे ताईच्या मुलीने, आईला न सांगता गाडी नव्यासारखी करायला नटबोल्टकडे दिली. रंग दिला. केबिन आणि खालचा सांगाडा, म्हणजे चासी, यांच्यामध्ये बसणारी रबरं चेपून पार पापड झाली होती, तीही कुठून कुठून शोधून नवी आणली. परवा गाडी घरी आली आणि ताई आनंदाने चाकामागे बसली. पहिल्यांदा ब्रेक दाबला, तेव्हाच कर्र्र.

"सगळं माझ्यामुळेच झालं," भाची सकाळपासून म्हणत होती.

"तुझ्यामुळे कसं होईल? पेडलला तू हात तरी लावलायस का?" नटबोल्ट तिला सांगत होता. "मीही नाही लावला. दुखणं पेडलचं आहे, पेडलमध्येच सापडेल."

तर पेडलमध्ये शोध सुरू झाला. आधी तेल सोडलं. आवाज जरा गुळगुळीत झाला, कमी झाला नाही. मग पेडल मागे खेचणारी स्प्रिंग बदलली. पेडल जोरात वर यायला लागलं आणि तितक्याच जोरात ओरडायला लागलं. मग ते ज्या खिळीवर फिरतं, तिथलं झिजलेलं बुश काढून नवं घातलं. डगडग गेली. घासणं तसंच. दर वेळी आम्ही तिघं श्वास रोखून उभे राहायचो, ताई दाबायची, आणि कर्र्र झालं की नटबोल्ट आपल्या कपाळावर चापट मारून घ्यायचा. मला वाटतं, लग्नातसुद्धा मी एवढा उत्सुक नव्हतो.

आता बुश बदलून झाल्यावर मला खाली धाडलं होतं. आणि खाली मला काहीतरी दिसत होतं.

या गाडीचं पेडल चासीवर बसलेलं आहे. त्याचा दांडा केबिनच्या तळातल्या एका फटीतून वर येतो. या फटीच्या उजव्या कडेला तो घासत होता. तिथे पत्रा ताज्या रुपयासारखा चमकत होता. ते सगळ्यांनाच माहीत होतं. पण फटीच्या डाव्या कडेलाही झीज होती. जुनी, गंज चढलेली. म्हणजे कधीकाळी पेडल डावीकडे घासत होतं. शिवाय तो दांडा मला सरळ वाटेना. छापखान्यात ओळ केसभर तिरकी बसली तरी मला टोचायची. हा दांडा उजवीकडे झुकला होता, आणि त्यावर पान्याचे दात रुतल्याच्या खुणा होत्या. काही उठून दिसणाऱ्या, काही गंजाखाली बुजलेल्या.

मी बाहेर सरकलो.

"काय दिसलं?" नटबोल्टने विचारलं.

"उजवीकडे घासतंय," मी म्हणालो.

"ते तर मला सकाळीच कळलंय. आणखी?"

आणखी सांगायचं ओठावर आलं होतं. पण वाटलं, दांडा मुळात असाच असेल तर? गाड्या काय सरळ ओळीत छापतात? हा माणूस रोज गाड्या उघडतो, आणि मी त्याला शिकवू? "नाही, आणखी काही नाही," मी पुटपुटलो आणि चष्मा पुसायला लागलो.

"मग आता एकच उपाय. भोकच मोठं करतो." नटबोल्टने ग्राइंडर उचलला. "उजवीकडून बोटभर पत्रा उडवला की आवाज खल्लास!"

ग्राइंडर सुरू झाला. ठिणग्या उडायच्या आतच कोणीतरी "थांबा!" असं जोरात किंचाळलं. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा मला कळलं की तो आवाज माझा होता.

"मामा!" भाची म्हणाली. "तुम्हाला ओरडता येतं?"

"दांडा... म्हणजे मला तसं वाटतं, चूक असू शकेल... दांडा वाकवलेला आहे. कोणीतरी मुद्दाम. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आधी पेडल डावीकडे घासत होतं."

नटबोल्टने ग्राइंडर ठेवून टॉर्च घेतली, पोट आत ओढून जमेल तेवढा आत शिरला, आणि बराच वेळ त्याचे नुसते पाय दिसत राहिले. मग पाय हलले.

"मावशी!" तो आतूनच ओरडला. "जुनी रबरं फेकली का?"

ताई वस्तू फेकत नाही. भाचीने डबा आणला. डाव्या बाजूचं रबर त्यातल्या त्यात जाड होतं, उजव्या बाजूचं झिजलेल्या चपलेच्या टाचेसारखं चपटं. नटबोल्टने दोन्ही शेजारी शेजारी धरली आणि तो हसायलाच लागला.

"अहो, मी गाढव! दुखणं पेडलमध्ये नाहीच. केबिन इतकी वर्षं उजवीकडे, मावशींच्या बाजूला, बसत चालली होती. केबिन सरकली की फट सरकणार. मग काका खाली जाऊन पेडल वाकवून फटीच्या मधोमध आणायचे. केबिन आणखी बसली की आणखी वाकवायचे. आणि मी काय केलं? नवी रबरं टाकून केबिन सरळ केली. पेडल राहिलं वाकडं. म्हणून घासतंय!"

"सापडलं!" भाचीने मला मिठीच मारली. ग्रीसची पर्वा न करता. मीही नाचलो असतो, पण गुडघे आठवले.

ताई तेवढी हसली नाही. ती अजून सीटवरच बसून होती.

"मी म्हणायचे त्याला, पेडल जरा घासतंय रे," ती म्हणाली. "तो खाली शिरायचा. काय करतोयस म्हटलं की सांगायचा, ग्रीस मारतोय. दुसऱ्या दिवशी घासायचं नाही. मला इतकी वर्षं वाटायचं, ग्रीसनेच जातं." मग जरा थांबून म्हणाली, "तेव्हा या गाडीची रबरं मिळायचीच नाहीत. एकदा म्हणाला होता, तुझी गाडी तुझ्या बाजूला कलायला लागलीय. मी म्हटलं, मी जाड झाले असं सरळ सांग की! दोन दिवस बोलले नाही त्याच्याशी."

"म्हणून बाबांनी पुन्हा कधी विषय काढला नाही," भाची म्हणाली, आणि मग मात्र त्या दोघी हसत सुटल्या.

नटबोल्टने हात पुसले. "मावशी, जुनी रबरं परत घालता येतील, पण फेरी चुकेल. भोक मोठं केलं तर आवाज जाईल, पण पेडल ॲक्सिलरेटरला खेटूनच राहील. बुटाची कड एकदम दोन्हीवर पडली तर संपलंच. राहता राहिलं पेडल सरळ करणं. ते होईल पटकन. फक्त..." तो घुटमळला. "काकांचं काम आहे ते."

ताईने पेडलवरचा पाय उचलला, पुन्हा ठेवला. मग ती खाली उतरली.

"काढ ते. आणि लांब पाइप आण."

पेडल वाइसच्या लोखंडी जबड्यात घट्ट धरलं. नटबोल्टने आधी दांडा घासून पुसून कुठे तडा नाही ना, ते नीट बघितलं; मग तो तापवला आणि त्यावर पाइप चढवला. ताईने पदर खोचला.

"मावशी, मी करतो ना."

"तू सरक. माझ्यासाठी वाकवलंय ते."

तिने पाइप दोन्ही हातांनी धरून स्वतःकडे ओढला. पहिल्यांदा काही हललं नाही. दुसऱ्यांदा तिने अख्खं वजन टाकलं आणि दांडा हळूच, कुरकुर न करता सरळ झाला. मी पुढे होऊन एक डोळा मिटून बघितलं.

"अजून केसभर," मी म्हणालो. या वेळी मला शंका नव्हती.

तिने केसभर ओढलं.

पेडल परत बसवलं. ताई वर चढली. मी खाली शिरलो नाही, शेडच्या दारात उभा राहिलो.

"दाब!" आम्ही तिघं एकदम म्हणालो.

काही नाही.

"सोड!"

पेडल टपकन वर आलं. भाचीने टाळ्या वाजवल्या, नटबोल्टने डब्याचा ढोल केला.

फाटकावरच्या तपासनिसाने गुडघ्यावर बसून पेडल हाताने दाबून बघितलं, मग पायाने, मग कान लावून. "झकास. कुठल्या गॅरेजचं काम आहे?"

नटबोल्ट पुढे सरसावला होता. ताई म्हणाली, "घरचंच आहे."

नटबोल्टने मान डोलावली आणि मागे आला.

आम्ही तिघं मागच्या हौद्यात चढलो. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, पण पुढे बसायला कोणी गेलं नाही. भोंगे वाजले, समोरच्या गाड्या हलल्या, कडेची माणसं हात हलवू लागली आणि भाची वेड्यासारखी ओरडू लागली. मीही हात हलवला. आधी एक, मग दोन्ही. वळणावर ताईने ब्रेक दाबला. गाडी अलगद थांबली, आवाज न करता पुन्हा निघाली.

मी वळून मागच्या काचेतून आत बघितलं. केबिन आता ओळंब्यात होती, केसभरही उजवीकडे कललेली नव्हती. ताई मात्र इतकी वर्षं त्या उतारावर तोल सांभाळत बसायची तशीच बसली होती. थोडी डावीकडे झुकून, रिकाम्या सीटकडे.