दोन डबे पिस्टन

वडिलांची जुनी गाडी तिन्ही भावंडांची होती, पण तिच्यावर हात चालायचा तो थोरल्या ताईचाच. तिचं स्वतःचं गॅरेज होतं. दादा आणि धाकटा कामावरून सुटले की तिथे येऊन तिचं डोकं खात बसायचे.

इंजिन जुन्या पद्धतीचं, सपाट डोक्याचं, झडपा बाजूला. सिलिंडर झिजले होते. ते मोठे करून घेतल्यावर जुने पिस्टन त्यात खुळखुळायला लागले. नवे हवेत, इथवर तिघांचं एकमत होतं.

दादाला हवे होते ओतीव पिस्टन, मूळच्यासारखे, शांत. धाकट्याला ठोकून घडवलेले, कितीही पिदडलं तरी टिकणारे. घडीव पिस्टन तापल्यावर जास्त फुगतात, म्हणून त्यांना जागा जास्त ठेवावी लागते आणि इंजिन गार असताना ते खडखडतात, हे ताईने समजावलं. दादा म्हणाला, मग प्रश्नच मिटला. धाकटा म्हणाला, थोड्या खडखडीने कुणाचं काय बिघडतं? झालं, दोघांनी अबोला धरला. जेवताना मीठसुद्धा आईमार्फत मागायला लागले.

मग एकदा दादा एकटाच गॅरेजवर आला. ओतीव पिस्टनचा डबा ठेवून हळूच म्हणाला, "हेच बसव. त्याला सांगू नकोस, उगाच हिरमुसेल." पाठोपाठ धाकटा घडीव पिस्टन घेऊन हजर. त्यालाही दादाच्याच मनाची काळजी. ताईने दोघांनाही "बरं" म्हटलं आणि हसू दाबायला तोंडावर फडकं धरलं. ते नेमकं ऑइलचं निघालं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी गाडी निघाली. स्टिअरिंगवर दादा, शेजारी धाकटा, मागे आई. इंजिन गार असूनही आवाज नाही. दादा मनातून खूश. धाकट्याला वाटलं, ताईचा हातच असा की घडीव पिस्टनही खडखडत नाहीत. चढ लागला आणि गाडी न कुरकुरता ओढायला लागली, तसा तो छाती फुगवून बसला. दोघं एकमेकांशी इतकं गोड बोलायला लागले की आईने खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

तेवढ्यात गॅरेजच्या वळणावरून ताईची सामानाची व्हॅन निघाली. तीही तितकीच जुनी, इंजिनही तसंच. नुकतीच सुरू केलेली, खडखडत आली, बरोबरीने धावली आणि हॉर्न देत पुढे सटकली.

धाकटा कान देऊन ऐकत राहिला. मग म्हणाला, "दादा, ते माझे पिस्टन आहेत."

दादाला हसू इतकं अनावर झालं की गाडी बाजूला घ्यावी लागली. धाकटा घुश्शात आईकडे वळला.

"मीच म्हटलं तिला, एकही डबा वाया घालवू नकोस," आई म्हणाली. "आता थांबलात काय? गाठा तिला."

दादाने आयुष्यात पहिल्यांदाच ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. ताई काही सापडली नाही. ती वर चढाच्या टोकाला व्हॅनला टेकून वाट बघत होती. धाकटा उतरला, तो थेट व्हॅनमध्ये चालकाच्या जागेवर जाऊन बसला आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

"सरक तिकडे," ताई म्हणाली.