वरचे दाणे

मी एक जुनी चाळण आहे. घरातली पीठ चाळायची नव्हे हं! बंदराजवळच्या कॉफीच्या गोदामातली, चौघी बायकांनी मिळून हलवायची थोरली पितळी चाळण. अंगाला भोकंच भोकं असल्यामुळे माझ्या पोटात काही राहत नाही. तेव्हा मित्रांनो, ऐका.

माझा जन्म गोऱ्या साहेबाच्या अमदानीतला. भोकं केवढी ठेवायची, असं कारागिराने विचारलं, तर साहेबाने आपल्या कॉलरचं बटण तोडून त्याच्या हातावर ठेवलं. म्हणाला, "यावर राहील ते जहाजावर चढेल. खाली पडेल ते तुम्ही प्या." झालं, कायदा ठरला! टपोरे दाणे माझ्यावर नाचायचे आणि तुटके, किडके दाणे खाली. चुरा तर एवढा पडला, की त्याचा ढीग केला असता तर ढगांना वळसा घालून जावं लागलं असतं. साहेब मला पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचा. मीही फुशारून जायचे.

पुढे साहेब गेला. त्या दिवशी गोदामात अशा टाळ्या वाजल्या, की छपरावरची कबुतरं घाबरून त्याच्याच जहाजावर जाऊन बसली आणि त्याच्याबरोबर देश सोडून गेली. झेंडा बदलला, पाटी बदलली, साहेबाच्या खुर्चीत आपला माणूस मॅनेजर होऊन बसला. माझी भोकं मात्र तेवढीच राहिली. टपोरे दाणे तसेच समुद्रापार जायचे, तिकडे त्यांची पूड व्हायची आणि चकचकीत डब्यांत बसून ती परत येऊन बड्या घरांत मिरवायची. बाकीचं गाव चुरा उकळून प्यायचं. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

वाटलं ते आत्याला. माझी कड धरणाऱ्या बायकांत ती सगळ्यांत तोंडाळ. जन्मभर दाणे चाळले, पण वरच्या दाण्याची कॉफी तिने कधी चाखली नव्हती. तिला फाटकाशी टपरी टाकायची होती आणि तीही वरच्या दाण्यांची! मॅनेजर खुर्चीतून ताडकन उभाच राहिला.

"अहो आत्या, वरचा माल गावाला? साहेब काय म्हणतील?"

"कुठले साहेब?"

मॅनेजरने वळून मागच्या खुर्चीकडे पाहिलं. ती रिकामी होती. जरा ओशाळून तो म्हणाला, "बरं, एक पोतं घ्या. जहाज सुटायच्या आत खपवलंत, तर दर हंगामात देईन. नाही खपलं, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

पहिल्या सकाळी झाडून सगळे जमले. आत्याने दाणे पार कोळसा होईस्तोवर भाजले, कुटले आणि चुऱ्यासारखेच खळाखळा उकळले. गावाला तेवढंच तर येत होतं! पहिला घोट घेतला तो तिच्या भाच्याने. तो गोदामाचा ट्रक चालवायचा.

"आत्या, ही कॉफी आहे की माझ्या ट्रकचं ऑइल?"

"मेल्या, फुकट पितोस आणि वर नावं ठेवतोस!"

पण लोक पेले ठेवून निघाले. "आपला चुराच बरा बाई," असं म्हणत गेले. मॅनेजरचा जीव भांड्यात पडला. आत्या माझ्या कडेला टेकून बसली.

भाचा घुटमळला. "आत्या, चुऱ्याचा कुबट वास जावा म्हणून आपण तो जाळतो. हे कशाला जाळायचे गं? शेंगदाण्यासारखे भाज. तडतडले की उतरव."

"आणि उकळायचे नाहीत?"

"नुसतं गरम पाणी ओत. बिघडून बिघडून आणखी काय बिघडणार आहे?"

मग जो घमघमाट सुटला म्हणता! समोरच्या गोदामाचं गंजलेलं कुलूप शिंकून उघडलं. रांग बंदरापर्यंत गेली आणि जहाजाचे खलाशीही उतरून तिच्यात उभे राहिले. आता खलाशीच रांगेत, तर जहाज सुटणार कसं? ते बिचारं भोंगा वाजवून दमलं.

मॅनेजर उरलेला माल न्यायला आला, तेव्हा आत्याने पोतं उलटं करून त्याच्यासमोर झटकलं. एक दाणा पडेल तर शपथ!

"सगळं संपलं?" त्याचा चेहरा पडला. "अहो, मी अजून प्यायलोच नाही!"

"पुढच्या हंगामात रांगेत लवकर या हो, साहेब!"

मित्रांनो, मला ओलीत टाकू नका, माझी भोकं ब्रशने साफ ठेवा, एवढं माझ्यासाठी कराच. आणि एक तुमच्यासाठी करा. आपल्या मातीत जे पिकतं, त्यातला वरचा दाणा आधी आपल्या जिभेवर ठेवून बघा. मग खुशाल जहाज भरा. जहाज काय, थांबतं!