थोरांचे उजवे हात

"काका, जगातले सगळे थोर लोक डावखुरे होते का?"

प्रश्न माझा नव्हता, चिमणीचा होता. चिमणी माझी मैत्रीण. तिला काही विचारायचं असलं की ती दुसरीचा खांदा शोधते. "तू विचारून दाखव, मग मानू तुला," असं ती म्हणाली आणि ढापणीने, म्हणजे माझ्या दुसऱ्या मैत्रिणीने, चष्मा वर सरकवून दुजोरा दिला. मागच्या वर्षीपर्यंत मी वर्गात "पाणी प्यायला जाऊ का" एवढं विचारतानाही घामाघूम व्हायचे. पण वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून माझ्या तोंडाला कुलूप राहिलेलं नाही. कुणी "विचारून दाखव" म्हटलं की तोंड माझ्याआधी धावतं.

आम्ही संग्रहालयात होतो, जगाच्या इतिहासाच्या दालनात. इतिहासातली मोठमोठी वळणं इथे माणसाच्या उंचीचे प्लास्टरचे पुतळे होऊन उभी आहेत. पहिलं बी पेरणारी बाई, छापखाना चालवणारा कारागीर, पृथ्वी फिरते म्हणून हटून बसलेला म्हातारा, राजवाड्यावर चालून गेलेली क्रांतीतली बाई, देवीची लस टोचणारा डॉक्टर, मताचा हक्क मागणारी शिक्षिका. हे सगळे माझ्या बाबांनी केलेत. लहानपणी मी यांच्या पायांशी लपाछपी खेळलेय, त्यामुळे थोर लोकांचं मला कधी दडपण आलं नाही.

आणि तरी मला जे कधी दिसलं नाही ते चिमणीला दिसलं. सगळ्यांचा डावा हात पुढे आणि उजवा गायब. दुर्बीण डाव्या हातात, उजवा झग्याच्या घड्यांत. झेंडा डाव्या हातात, उजवा शालीखाली. डॉक्टर तर डाव्या हाताने लस टोचतोय आणि उजवा खिशात. खिशात हात घालून लस टोचणारा डॉक्टर मी तरी अजून बघितलेला नाही.

माहिती सांगणारे काका हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी आधी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुझ्याच वडिलांनी केलेत. त्यांना विचार."

आम्ही पुढे निघालो तर ते मागून आले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "पण शुक्रवार होऊन जाऊ दे. त्याआधी नको विचारूस."

माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथे. शुक्रवारी काय आहे ते मला पाठ होतं. डागडुजीनंतर दालनाचं नव्याने उद्घाटन होणार, भिंतीवर बाबांच्या नावाची पितळी पाटी लागणार, त्यांचा सत्कार होणार, आणि शाळेतर्फे त्यांच्यावर भाषण कोण करणार? मी. इतिहासाच्या बाईंनी, ज्यांना आम्ही सनावळी म्हणतो, त्यांनी मलाच निवडलं होतं. भाषणाचं पहिलं वाक्यही तयार होतं, "ज्यांच्या हातांनी इतिहास उभा केला, ते माझे बाबा."

मी परत फिरले आणि म्हाताऱ्याचा हात जवळून बघितला. नंतर शिक्षिकेचा, मग कारागिराचा. निमुळती बोटं, आणि करंगळीचं टोक शेजारच्या बोटाकडे कललेलं. सगळ्यांची करंगळी तशीच वाकडी. बी पेरणाऱ्या बाईपासून मताचा हक्क मागणाऱ्या शिक्षिकेपर्यंत हजारो वर्षं गेली, पण हात एकाच माणसाचा.

"तुझ्या बाबांचा असेल," ढापणी म्हणाली.

बाबांचा पंजा म्हणजे फावडं. त्यांच्या एका बोटात या हाताची दोन मावतील.

"म्हणजे कुणाचा तरी ढापलाय," चिमणी म्हणाली. मी तिला जोरात चिमटा काढला, पण शब्द आत जाऊन बसला होता.

रात्री जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं. शुक्रवारपर्यंत थांबायचं असेल तर ते काकांनी थांबावं.

"बाबा, तुमच्या पुतळ्यांचा डावाच हात का दिसतो हो?"

"डावा हात जास्त जिवंत दिसतो," बाबा म्हणाले. उत्तर इतकं पटकन आलं की जणू कित्येक वर्षं ते दाराशी चपला घालूनच उभं होतं.

"आणि सगळ्यांचा सारखाच?"

"जेव आधी."

आई उठली आणि धुतलेला पेला पुन्हा धुवायला लागली. माझी आई चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. वायफळ काम करणं तिच्या स्वभावात नाही. तेव्हा मला आणखी एक गोष्ट आठवली. शाळेच्या सहली झाल्या, पाहुणे आले, त्यांना दालन दाखवून झालं, पण आई कधीच तिथे आली नव्हती. दर वेळी डोकं दुखायचं किंवा दुकानात गर्दी असायची. आजवर मला ते साधं वाटत होतं. त्या रात्री काहीच साधं वाटेना. घरात कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि दोघं मिळून त्यावर सतरंजी टाकून बसले होते.

सनावळी नेहमी म्हणतात, सगळे एकच गोष्ट एकाच सुरात सांगायला लागले की थोडा संशय घ्यावा आणि पुरावा मागावा. मी ठरवलं, मागायचा कशाला, हाताचा साचा स्वतःच करून बघू.

दुसऱ्या दिवशी बाबा संग्रहालयाच्या समितीच्या लोकांना भेटायला गेले होते. शाळा सुटल्यावर मी दोघींना घेऊन त्यांच्या कारखान्यात गेले. कारखाना म्हणजे संग्रहालयाच्या मागची पत्र्याची लांब खोली. फडताळात नाकं, कान, दाढ्या, आणि मधोमध अर्धवट झालेला नवा पुतळा, खाणीतल्या मजुरांना संपासाठी एकत्र आणणारा. त्याचाही उजवा हात पाठीमागे. चिमणी म्हणाली, "संप करतोय की शिक्षा भोगतोय?"

नाकाकानांचे साचे घेताना बाबांना मी बघितलं होतं, हाताचाही तसाच घ्यायचा. हात टेकवायचा, त्यावर ओलं प्लास्टर चढवायचं, घट्ट झालं की हळूच काढायचं. मी डावा हात फळीवर ठेवला आणि उजव्या हाताने प्लास्टर थापलं. छान जमलं. मग जोशात मी ढापणीला म्हटलं, "आता उजव्यावर थाप." दोन्ही हात अडकले आणि त्याच क्षणी माझ्या नाकाला खाज सुटली.

"खाजव ना गं."

"आधी म्हण, चिमणी हुशार."

नाक चिमणीच्या हवाली करून मी तशीच बसले होते, तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. एकटं माणूस एका वेळी स्वतःच्या एकाच हाताचा साचा काढू शकतं. कामाला उजवा मोकळा लागतो, म्हणून आधी डाव्याचाच निघतो. म्हणजे ज्याचा तो डावा हात आहे, त्यानेच आपल्या उजव्या हाताने तो साचा काढला होता, बाजूला कुणी नसताना. आणि बाबा कधीच एकटे काम करत नाहीत. साधी बादली उचलायची तरी ते हाक मारतात.

हे सगळं मी दोघींना समजावून सांगितलं आणि ऐटीत हात सोडवायला गेले, तर हात सुटेचना. मनगटावरची लव प्लास्टरमध्ये धरली गेली होती. आधी आम्ही हसलो. मग प्लास्टर गरम व्हायला लागलं आणि आम्ही हसायचं थांबलो. ढापणी धावत आईच्या दुकानात गेली.

आई आली. जिने डोकेदुखीच्या नावाखाली इतकी वर्षं टाळलं, ती सरळ आत आली, दिवा कुठे लागतो ते न विचारता लावला, आणि खालच्या कप्प्यातून लाकडी पट्टी काढली.

"तेल लावलं नव्हतंस."

"लावायचं असतं?"

"पंजा मिटू नकोस. आत बोटं हळूहळू हलव. हवा जाऊ दे." तिने कडेने कोमट पाणी सोडलं, पट्टी फिरवली, आणि माझा एकेक हात अलगद बाहेर काढला. चार केस गेले, बाकी काही नाही.

"आई, तुला कसं येतं हे?"

"दुकानात सगळं शिकायला मिळतं."

चष्म्याच्या दुकानात. मी तिचा हात बघत होते. आईचा हात मी रोज बघते, पण तो सतत काहीतरी करत असतो, थांबलेला मी कधी बघितलाच नव्हता. आता तो फळीवर टेकला होता, प्लास्टरने पांढराशुभ्र झालेला. निमुळती बोटं. करंगळीचं टोक शेजारच्या बोटाकडे कललेलं.

चिमणीनेही बघितलं. तिने मला कोपराने ढोसलं.

संध्याकाळी बाबा हार कुठल्या फुलांचा असणार ते सांगत घरात आले. मी त्यांना बसूही दिलं नाही.

"बाबा, आईचा हात तुम्ही पृथ्वी फिरवणाऱ्या म्हाताऱ्याला का लावलाय?"

बाबांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "मी काही सांगितलेलं नाही. तिने स्वतः शोधलं. हात अडकवून घेऊन."

मग तुकड्यातुकड्याने बाहेर आलं. चेहरे बाबांचे. पण बाबांना हात जमत नसत. बाबा स्वतःच म्हणाले, "मी केलेले हात म्हणजे बटाट्याला फुटलेले कोंब." म्हणून हात आईने केले, आणि कोण कसा उभा राहील, कुठे वळेल, तेही तिनेच ठरवलं. मी तेव्हा जन्मले नव्हते. बाबा समितीकडे गेले की ती एकटीच काम करायची. उजव्या हाताचा साचा नंतर काढू म्हणून राहिला होता, आणि तोवर उजव्या बाजूंना शाली आणि खिसे दिले होते.

"मग नंतर का नाही काढला?"

"उद्घाटन झालं," आई म्हणाली. "समितीतल्या एकाने माझ्या हातात चहाचा ट्रे दिला. पाहुण्यांना द्या म्हणाला. मी दिला. तुझे बाबा मंचावर होते."

"मला वाटलं तू हौसेने देतेयस," बाबा पुटपुटले.

"मी तुमच्याकडे बघितलं होतं. तुम्ही हार सावरत होतात."

आई दुसऱ्या दिवसापासून कारखान्यात गेली नाही. बाबांकडे तिच्या डाव्या हाताचा साचा उरला. पुढचे सगळे पुतळे त्यांनी त्याच्यावरच काढले.

"दुसऱ्या कुणाचा उजवा का नाही घेतला?" मी विचारलं.

"जोडी जुळली नसती," बाबा म्हणाले, मग थोडं थांबून, "आणि हिचा मागायला तोंड नव्हतं."

"आता काय त्याचं," आई म्हणाली. "मला थोर लोकांचा कंटाळाच आला होता. पाटीवर माझं नाव असतं तर काय, पृथ्वी उलटी फिरली असती?" ती हसली, पण एवढी लवकर हसली की मला तिचाही संशय आला. कंटाळा आलेल्या बाईला दिव्याचं बटण आणि पट्टीचा कप्पा इतक्या वर्षांनी आठवत नाही.

"काका म्हणाले शुक्रवार होऊ दे," मी म्हटलं. "म्हणजे त्यांना माहीत आहे. अजून किती जणांना माहीत आहे?"

बाबा आपल्या फावड्यासारख्या हातांकडे बघत होते. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांची कीवही येत होती, आणि दोन्ही एकदम आल्यावर काय करायचं ते वक्तृत्व स्पर्धेत शिकवत नाहीत.

"तू भाषण सोडून दे, बेटा," बाबा म्हणाले. "मी सांगतो बाईंना, घसा बसलाय म्हणून."

"माझा घसा ठणठणीत आहे."

"मग काय बोलणार आहेस?" आईने विचारलं. तिचा हात टेबलावर होता, आणि या वेळी ती तो हलवत नव्हती.

मी उभी राहिले. उभी राहिले की मला नीट बोलता येतं.

"पहिलं वाक्य मी खोडलंय. शुक्रवारी मी माईकवर फक्त प्रश्न विचारणार आहे, काकांना विचारला होता तोच. सगळे थोर लोक डावखुरे होते का? त्यानंतर मी खाली बसणार. मंचावर येऊन उत्तर कोण देणार, एकटे बाबा, एकटी आई की दोघं मिळून, ते तुम्ही आपसात ठरवा. आणि आई, तू येणार आहेस. चहा चिमणी देईल."