बाजूचं दार

मारेगावच्या ग्रामीण रुग्णालयातून परिचर म्हणून निवृत्त झाल्यावर रुखमाबाईंनी वणीत एक प्लॉट घेतला. प्लॉट त्यांच्या नावावर, म्हणून नगरपरिषदेत बांधकाम परवानगीचा अर्जही त्यांच्याच नावाने गेला. धावपळ मात्र मुलाची. रोशन राजूरच्या कोळसा खाणीत होता. ड्यूटी सुटली की तसाच स्वानंद इंजिनिअरच्या ऑफिसात जायचा. स्वानंदने नकाशा काढला, तो सांगेल तिथे रुखमाबाईंनी सह्या केल्या. नकाशा त्यांनी पाहिला नव्हता. कोणी दाखवलाही नव्हता.

अर्ज त्रुटी काढून परत आला. वरचा मजला भाड्याने द्यायचा म्हणून रोशनने जिना बाहेरून काढायला लावला होता, आणि तो नियमाने मोकळ्या सोडायच्या जागेत येत होता. रविवारी स्वानंद सुधारलेला कच्चा नकाशा घेऊन त्यांच्या भाड्याच्या घरी आला.

"मावशींच्या खोलीची भिंत थोडी आत घेतली की जिना बसतो," तो म्हणाला. "मग काही अडचण नाही."

आपल्या खोलीचा विषय ऐकून रुखमाबाई चष्मा लावून कागदाजवळ आल्या.

"माही खोली कोणती?"

स्वानंदने बोट ठेवलं.

"अन् बाहेर निंगाचं दार?"

"खोलीचं दार हॉलमध्ये उघडतं, मावशी. बाहेरचं दार समोर, सगळ्यांसाठी एकच."

रुखमाबाईंनी खोलीपासून हॉलमधून समोरच्या दारापर्यंत कागदावर बोट फिरवलं. मग ते उचलून बाजूच्या भिंतीवर ठेवलं. "मले इथून बाहेर जाचं दार पाह्यजे."

"आई, तिथं जिना आहे," रोशन म्हणाला.

"घरात घे जिना."

"घरात घेतला तं भाडेकरू आपल्या हॉलमधून येणं-जाणं करन. कोण राहीन असं?"

"नको राहू देऊ मंग."

चहा घेऊन आलेली रोशनची बायको रुपाली दारातच थांबली होती. कप खाली ठेवत तिने विचारलं, "आई, माह्याकडून काही चुकलं काय?"

"तुह्याकडून कायचं चुकते?"

"लोक तं हेच म्हणतीन, सुनेनं सासूले वेगळं काढलं."

रुखमाबाईंचं बोट अजून त्या भिंतीवरच होतं. रोशनचा आवाज चढला. "सही तुही लागते म्हणून अडवून राह्यली काय?"

ते बोलल्यावर त्याचं त्यालाच कसंसं झालं. स्वानंदने नकाशाची गुंडाळी केली, ठरवून सांगा म्हणाला आणि चहा अर्धा टाकून निघाला.

पुढचे काही दिवस त्या घरात कामापुरतंच बोलणं झालं. रुपाली सासूला वेळेवर वाढायची, पण समोर बसायची नाही. एका दुपारी रुखमाबाईच तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि ती निवडत होती ती मेथी त्यांनी आपल्याही पुढ्यात ओढली.

"तुह्या सासऱ्याचं गावचं घर तू पाह्यलं नाई," त्या म्हणाल्या. "एकामागं एक दोन खोल्या. समोरच्या खोलीत सासरा, दीर, आलेगेले. म्या दवाखान्यात जाले निंगाली का त्यायच्यातूनच जा लागे. कुठी चालली, कवा येशीन, हे रोजचं. वाईट कोणी नव्हतं. इचारत होते फक्त."

"आम्ही तं इचारत नाही, आई."

"नाई इचारत. पण म्याच सांगते ना. चप्पल घातली का तोंडातून आपसूक निंगते, विहारात चालली, आता येते. एक डाव कोणाले न सांगता जाऊन पाहावं वाटते मले."

"कुठं जासान?"

रुखमाबाईंना हसू आलं. "कुठी नाई. चौकापर्यंत जाईन अन् वापस येईन."

रुपाली पुन्हा मेथी निवडू लागली. तिला सगळं पटलं होतं असंही नाही. पण रात्री तिने रोशनला सासूचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, स्वतःचं मत न घालता.

दुसऱ्या दिवशी खाणीत उतरताना रोशनने नेहमीप्रमाणे हजेरी लावली. खाली जाणाऱ्याची नोंद होते, वर आल्याचीही होते. माणूस आत राहू नये म्हणून. त्यात त्याला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. पण वर आलं, नोंद झाली, मोटरसायकल सुरू केली, की पुढचा रस्ता त्याचा असे. कधी तो सरळ घरी यायचा, कधी टपरीवर थांबायचा. आई कुठे थांबते, हे त्याने कधी मनात आणलं नव्हतं.

संध्याकाळी तो स्वानंदकडे गेला. "जिना आतून घ्या. आईच्या खोलीले बाजूनं दार द्या. वरचं पुढं पाहू."

"भाड्याचं काय?"

"राहू द्या ते."

नव्या नकाशावर सही करण्याआधी रुखमाबाईंनी तो पूर्ण पाहिला. या वेळी परवानगी मिळाली. घर उभं राहायला वर्ष गेलं. रुपालीला वाटलं होतं तेही झालं. बाजूचं ते दार पाहून नातेवाइकांनी तिलाच विचारलं, सासू वेगळी राहते काय. रुखमाबाईंनी ऐकलं की त्या सांगत, चूल एकच आहे, दार म्या मांगून घेतलं. काहींना पटे, काही नुसती मान हलवत. रुपालीला ते लागायचं, आणि ती ते लपवतही नव्हती.

राहायला आल्यानंतर काही दिवसांनी, सकाळी रुपाली सासूच्या खोलीत गेली तर खोली रिकामी. पांघरूण घडी केलेलं, बाजूच्या दाराला बाहेरून कडी. मोबाईल उशाशीच होता. रोशन पहिल्या पाळीला गेलेला. ती समोरच्या फाटकापर्यंत जाऊन रस्त्याकडे पाहून आली, मग पुन्हा एकदा जाऊन आली.

ऊन अंगणात उतरलं तेव्हा कडी वाजली. रुखमाबाई आत आल्या. हातात काही नव्हतं. चेहरा घामेजलेला होता, पण त्या मजेत दिसत होत्या.

रुपाली खोलीच्या उंबऱ्यात उभी होती. कुठं गेल्या होत्या, हे अगदी तिच्या ओठांवर आलं होतं.

"चहा ठेवू?" तिने विचारलं.

"ठेव," रुखमाबाई म्हणाल्या.