बुधवारची कुफ्फा

मी एक जुनी टोपली आहे, मित्रांनो, आणि डूख धरलेली टोपली आहे. टोपलीने शहाण्यासारखं रिकामं व्हावं, पुन्हा भरून घ्यावं, मागचं मनात ठेवू नये, असं म्हणतात. मला ते कधी जमलं नाही.

गाबेसच्या खजुरीच्या बागेत एका म्हातारीने पात्या भिजवून, वळून मला विणलं. दोन कान लावले आणि म्हणाली, "ही माझ्या मागे राहील." आमच्या ट्युनिशियात मला कुफ्फा म्हणतात. आणि साहेबाच्या पुढेपुढे करणाऱ्या लाळघोट्यालाही 'कुफ्फावाला' म्हणतात, कारण तो साहेबाची कुफ्फा उचलतो. आमच्या नावाला हा बट्टा उगीच लागला. मी जन्मभर एकाच बाईच्या हातात राहिले आणि तिने कधी कुणाची हांजी हांजी केली नाही.

ती बाई दलेंदा. राजधानीत एका शाळेत भूगोल शिकवायची. घरात आई खदूजा आणि धाकटा भाऊ शादली. शादलीने कॉलेजात सरकारविरुद्ध पत्रकं वाटली आणि त्याला तुरुंगात टाकलं. तेव्हापासून दर बुधवारी मी भरून निघू लागले. कुसकुस, उकडलेली अंडी, पाव, आणि डब्यात ऑलिव्ह, कारण शादलीला ऑलिव्हशिवाय घास उतरत नसे.

फाटकावर मोंजी नावाचा वॉर्डर बसायचा. तपासणीच्या नावाखाली तो पावात सळई खुपसायचा. एकदा माझ्या बुडातही खुपसली. ते भोक दलेंदाने लाल दोऱ्याने शिवलं, अजून दिसतं.

"काय मास्तरीणबाई, आज भावाला मेजवानी वाटतं?"

"घासभर तुम्हीही घ्या, सी मोंजी. पण त्याचं त्याला पोचू द्या." आमच्याकडे मानाने पुरुषाला 'सी' म्हणतात आणि बाईला 'लल्ला'.

संध्याकाळी मी रिकामी परत यायचे, पण तळाशी एक कागदाची पुडी असायची. तिच्यात ऑलिव्हच्या बिया. खदूजा शेगडीत बिया जाळायची, आणि लहानपणी कुणी बी फेकली की पाठीत धपाटा ठरलेला. म्हणून हा पोरगा तुरुंगातूनही बिया परत पाठवत होता. पुडी उघडली की म्हातारी हसून म्हणायची, "जेवला गं माझा शादली!"

एका बुधवारी पुडी आली नाही. पुढच्या बुधवारीही नाही.

"जेवला ना तो?" दलेंदाने विचारलं.

"जेवला की! चाटूनपुसून," मोंजी म्हणाला.

असे सहा बुधवार गेले. दलेंदाला दुसऱ्याच बुधवारी काय ते कळलं होतं, तरी ती मला भरत राहिली. भरलं नाही तर तो गेला हे आपल्याच हाताने ठरवल्यासारखं होईल, असं तिला वाटे. मला तर सगळं दिसत होतं. मी चौकीच्या टेबलावर असायचे आणि मोंजी व त्याचे सोबती माझ्यात हात घालून जेवायचे. पण टोपलीला तोंड असतं, जीभ नसते.

सातव्या बुधवारी मोंजीने वही पुढे केली. शादलीने मागच्या बुधवारपर्यंत जेवण घेतलं होतं आणि दवाखान्यात नेताना तो पळाला, असं तिच्यात लिहिलं होतं. "परदेशात मजा मारत असेल," तो म्हणाला. मेलेला मुलगा कागदावर फरारी झाला. खदूजा दाराकडे डोळे लावूनच वारली. त्या दिवसापासून दलेंदाला एकच सिद्ध करायचं होतं, की शादली पळाला नाही, आत मेला. आणि मला एकच हवं होतं, मोंजीचा सूड.

तिची नोकरी गेली. फाटकावरच्या रांगेतल्या बायका तिने घरी जमवल्या आणि त्यांची संघटना उभी केली. कोथिंबिरीखाली लपवून मी त्यांचे अर्ज वाहिले. चारदा तिला पकडलं, चारदा ती सुटून आली आणि आल्या आल्या तिने मला झटकून खुंटीला लावलं. शेवटी राजवट कोसळली, निवडणुका झाल्या आणि आमच्या मोहल्ल्याने तिला संसदेत पाठवलं. तिथेही ती मला घेऊनच गेली.

जुन्या राजवटीतला एक मंत्री तिथेही निवडून आला होता. तो ओरडला, "लल्ला दलेंदा, आज कुणाची कुफ्फा उचललीत?"

"माझीच. घट्टे मात्र तुमच्या हाताला पडलेले दिसतात!"

सभागृह हसलं. मी तर फुगून दुप्पट झाले.

मग तुरुंगातल्या छळांची उघड सुनावणी सुरू झाली. मोंजी आला, केस पिकलेले, मान ताठ. वहीत होतं तेच त्याने घडाघडा म्हटलं. दलेंदाने मला त्याच्यासमोर टेबलावर ठेवलं.

"एकच विचारते, सी मोंजी. शेवटच्या सहा बुधवारी ऑलिव्हच्या बिया परत का आल्या नाहीत?"

तो हसला. "बिया? अहो लल्ला, बिया काय जपून ठेवायच्या? आम्ही थुंकून टाकायचो."

'आम्ही' म्हणाला तो. वहीत मात्र जेवण शादलीने घेतलं होतं. मग त्याचं त्यालाच ऐकू आलं आणि त्याचा चेहरा पडला.

"कुठे पुरलंत त्याला?" दलेंदाने विचारलं. त्याने सांगितलं.

शादलीला आईशेजारी पुरलं आणि मोंजी गजाआड गेला. मला वाटलं, आता उट्टं निघालं, आता मरू दे याला उपाशी! इतक्यात मोंजीची बायको मबरूका प्लॅस्टिकची पिशवी घेऊन दाराशी आली.

"लल्ला, माझ्या नवऱ्याचं जेवण फाटकावर कुणी आत नेत नाही. तो तिथे काय करायचा, ते सगळ्यांना ठाऊक आहे."

दलेंदाने दार लावावं, असं मला मनापासून वाटत होतं. पण तिने मला खुंटीवरून काढलं, ऑलिव्हचा डबा ठेवला आणि मबरूकाच्या हातात दिलं. मी संतापाने करकरले.

"दर बुधवारी त्याचं जेवण त्याला पोचेल, मी बघते," ती म्हणाली. "फक्त त्याला सांग, बिया परत पाठवायच्या. पुडी बांधून. इथे, माझ्याकडे."

तेव्हा मी करकरायची थांबले. असा सूड मला सुचला नसता.

आता दर बुधवारी पुडी येते आणि दलेंदा ती आईच्या शेगडीत टाकते. मोंजीला ऑलिव्ह खाताना प्रत्येक बी तोंडातून काढून जपून ठेवावी लागते.

मित्रांनो, जुनी टोपली फेकू नका. तिच्यातून काय काय परत आलं नाही, ते तिला पाठ असतं. आणि दुसऱ्याच्या ताटातलं खाल्लंत, तर बिया कुठे थुंकलात ते लक्षात ठेवा. कुणीतरी विचारणार आहे.