मागच्या रांगेतला भाऊ

लवंगी स्टेजवर आली की पहिल्या रांगेतले लोक सावरून बसायचे, कारण ती कधी कुणाला पकडेल याचा नेम नसे. कुणाच्या टकलावर, कुणाच्या घोरण्यावर, कुणा नवऱ्याच्या करकरणाऱ्या बुटांवर ती उभ्या उभ्या गाणं रचायची, आणि ज्याच्यावर गाणं तोच सगळ्यांत जास्त हसायचा. अंगाने काडी, पण जीभ अशी झोंबरी, की नाट्यगृहाच्या मॅनेजरने पहिल्याच आठवड्यात तिचं नाव लवंगी ठेवून टाकलं. आईवडिलांनी ठेवलेलं मुलाचं नाव ती त्याआधीच घरी सोडून आली होती.

घर कसं सुटलं ते ती कुणाला फारसं सांगत नसे. वडिलांनी तिला आरशासमोर आईच्या कपड्यांत बघितलं. मारलं नाही, ओरडलेही नाहीत. जोडे घालता घालता म्हणाले, "मी संध्याकाळी येईन तेव्हा घरात दिसायचं नाही." आई भांडी घासत होती, ती घासतच राहिली. घरच्यांनी पुढे लोकांना काय सांगितलं, ते लवंगीने कधी विचारलं नाही.

नाट्यगृहात ती आधी कपडे धुवायला होती. घामाने कडक झालेले झगे, रंगाने माखलेल्या कॉलरी. एका दुपारी विनोदी नट पिऊन आडवा झाला, मॅनेजरने डोक्याला हात लावला, आणि लवंगी म्हणाली, "त्याची सगळी वाक्यं मला पाठ आहेत. शिव्यांसकट." त्या दिवसापासून ती धुण्याच्या खोलीत परत गेली नाही.

चळवळीत ती पडली तीसुद्धा नक्कल करता करताच. तिच्यासोबत नाचणारी एक मुलगी होती, तिच्यासारखीच, मुलगा म्हणून जन्माला घातलेली. स्टेजवर अशी गरगर फिरायची की बघणाऱ्याला चक्कर यावी. तिला सगळे भिंगरी म्हणायचे. भिंगरीला घरमालकाने सामानासकट रस्त्यावर काढलं. लवंगी गेली ती थेट त्या घरमालकाच्या दारात उभी राहिली आणि भर रस्त्यात तिने त्याचीच नक्कल सुरू केली: त्याचं पोट, त्याची किल्ल्यांची जुडी, बायकोसमोर बारीक होणारा त्याचा आवाज. गल्ली गोळा झाली. वरच्या खिडकीतून त्याची बायकोच पोट धरून हसायला लागली तेव्हा त्याने खाली येऊन खोली उघडून दिली.

मग लोक तिच्याकडे यायला लागले. कुणाला दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात घेत नव्हते, कुणाची तक्रार पोलीस लिहून घेत नव्हते, कुणाला कामावरून काढलेलं. लवंगीने लाँड्रीच्या वरची एक खोली भाड्याने घेतली आणि दाराला संस्थेची पाटी लावली. दुपारी साहेबांच्या केबिनबाहेर ठाण मांडून बसायची आणि संध्याकाळी त्याच साहेबांची स्टेजवर हजामत करायची. टीव्हीवाले आले, पेपरात फोटो आला. "गप्प बसू नका, तक्रार करा," हे ती इतक्यांदा इतक्या ठिकाणी बोलली, की भिंगरी तिला झोपेतून उठवायला कानाशी तेच म्हणायची.

घरातलं एकच माणूस तिने गमावलं नव्हतं, तो म्हणजे दादा. तिचा थोरला भाऊ, चष्म्याच्या दुकानाचा मालक. रविवारी दुपारच्या खेळाला तो यायचा, मागच्या रांगेत खांबाआड बसायचा आणि दिवे लागायच्या आत उठून जायचा. पुढे कधीतरी खेळ संपल्यावर मागच्या गल्लीत थांबायला लागला. तिच्या हातात आईच्या हातचं काहीबाही द्यायचा, आई पाठवते असं मात्र म्हणायचा नाही.

दादाची बोलण्याची एक गंमत होती. इतकी वर्षं झाली, पण तो तिला 'आलास का'ही म्हणायचा नाही आणि 'आलीस का'ही म्हणायचा नाही. "जेवण झालं का? तब्येत बरी ना? काम कसं चाललंय?" अशी सगळी वाक्यं तो वळसा घालून न्यायचा. लवंगी भिंगरीला त्याची नक्कल करून दाखवायची. "बिचारा व्याकरणाच्या चिखलात पाय वर धरून चालतो गं," म्हणायची आणि दोघी लोळून हसायच्या. पण तो यायचा. तिला तेवढं पुरायचं.

अशाच एका रविवारी खेळ सुटल्यावर भिंगरी मागच्या दाराने आधी बाहेर पडली. लवंगी आत तोंडाचा रंग पुसत होती. बाहेरून आरडाओरडा आला तेव्हा तिला वाटलं, नेहमीची टवाळ पोरं असतील. जाऊन बघते तर भिंगरी गटाराच्या कडेला पडलेली, डोकं फुटलेलं, आणि गल्लीत कुणीही नाही.

दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात तिला खाट मिळाली, लवंगीनेच भांडून मिळवलेल्या नियमाने. पण भिंगरी शुद्धीवर आलीच नाही. आठवडा काढला आणि गेली.

ती दवाखान्यात पडली त्याच संध्याकाळी दादा लाँड्रीच्या जिन्याने वर आला. आजवर तो कधी खोलीवर आला नव्हता. दारातच खाली बसला.

"मी बघितलं गं," तो म्हणाला. "मी तिथेच होतो, कोपऱ्यावर. ठेकेदाराचा मुलगा होता. हातात सळई होती. मला पुढे जायला पाहिजे होतं गं, माझे पायच हलले नाहीत, आणि हलले तेव्हा मी पळालो."

तशा त्या वेळीही लवंगीच्या कानाने तेवढं टिपलं. दादा तिला 'गं' म्हणाला होता.

"पोलिसांना सांगशील?" तिने विचारलं.

"सांगीन."

आणि त्याने सांगितलं. लवंगी त्याच्यासोबत चौकीत गेली, त्याने सगळा जबाब दिला, सही केली. ठेकेदार म्हणजे अर्ध्या गावाचे रस्ते आणि पूल बांधणारा माणूस. त्याच्या मुलाला हात लावायला पोलीसच धजत नव्हते. लवंगीने मोर्चा काढला. कामावरून सुटलेल्या बायका आल्या, विद्यार्थी आले, नाट्यगृहाचा मॅनेजर टोपी सरळ करून पहिल्या ओळीत चालला. भिंगरीचा फोटो सगळ्यात पुढे. मुलाला अटक झाली तेव्हा लवंगीला वाटलं, आपण आयुष्यभर जे बोलत आलो ते पोकळ नव्हतं.

खटला उभा राहायला दीड वर्ष लागलं. त्या काळात दादाचं येणं कमी कमी होत गेलं. मुलीचं लग्न बघतोय, दुकानात माणूस नाही, आईचे गुडघे, असं काही ना काही असायचं. लवंगीने मनाला समजावलं, की घाबरला असेल, कोण घाबरणार नाही.

कोर्टात पंखे होते, पण वारा नव्हता. लवंगी साधा राखाडी झगा घालून दुसऱ्या बाकावर बसली होती. दादाला पुकारलं. तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला, चष्मा काढून पुसला, परत घातला.

सरकारी वकिलाने विचारलं, "त्या दिवशी तुम्ही नाट्यगृहाच्या मागच्या गल्लीत होतात?"

"नाही," दादा म्हणाला.

वकील गोंधळला. जबाबाचा कागद वर धरून म्हणाला, "ही सही तुमची आहे ना?"

"सही माझी आहे. मजकूर पोलिसांनी लिहिलाय. मी त्या नाट्यगृहात कधी गेलेलो नाही."

मागे कुणीतरी हसलं. ठेकेदाराच्या मुलाने मान वर केली. वकिलाचा आवाज चढला. त्याने लवंगीकडे बोट केलं. "या बाईंना ओळखता? तुम्ही यांचे सख्खे भाऊ आहात. बरोबर?"

दादाने तिच्याकडे बघितलं. चांगलं डोळ्याला डोळा देऊन बघितलं.

"मला एक धाकटा भाऊ होता," तो म्हणाला. "तो लहानपणीच वारला. आमच्या ओळखीत कुणालाही विचारा."

लवंगीला तेव्हा कळलं, की घरच्यांनी लोकांना काय सांगितलं होतं. ती उठून काही बोलेल म्हणून कोर्टातल्या बातमीदारांनी माना वळवल्या. पण जिने पूल बांधणाऱ्यांना आणि इस्पितळं चालवणाऱ्यांना तोंडावर सुनावलं होतं, ती हाताचा पंजा मांडीवर उलटासुलटा करत बसून राहिली.

साक्षीदार फितूर झाला, दुसरा पुरावा नव्हता. मुलगा सुटला. कोर्टाच्या पायऱ्यांवर त्याच्या गळ्यात हार पडले.

दादा आला तो त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, भर दुपारी. खालची यंत्रं धडधडत होती, त्यामुळे जिन्यावरची पावलं तिला ऐकूच आली नाहीत. ती खुर्चीतून उठली नाही, पण जा असंही म्हणाली नाही.

"ठेकेदार दुकानात आला होता," दादा उभ्यानेच म्हणाला. "डोळे तपासायचेत म्हणाला. मी खुर्चीत बसवलं. त्याने तक्त्यावरची सगळी अक्षरं वाचली, अगदी खालची ओळसुद्धा. नंबर नव्हताच त्याला. मग म्हणाला, 'मुलीचं बघताय म्हणे? शिकायला जाते ती वाट फार सुनसान आहे.' एवढंच. जाताना फ्रेम घेऊन गेला."

लवंगी ऐकत होती. या माणसाला शिव्या घालाव्यात असं तिला फार वाटत होतं. शिव्या तर तिच्या जिभेवर कायम तयार असायच्या. पण ती मुलगी तिची पुतणी होती, आणि दादा खोटं बोलत नव्हता.

"ती बरी आहे ना?" तिने विचारलं.

"बरी आहे. ठरलंय तिचं."

"तिला माहीत आहे, मी आहे म्हणून?"

दादाने खाली बघितलं. "तिला लहानपणापासून तेच सांगितलंय."

"काय? की मी गेलो?"

किती वर्षांनी ती स्वतःबद्दल तसं बोलली होती. तो शब्द कानावर पडला तशी ती स्वतःच दचकली. दादाने तोंडावर हात ठेवला आणि तो तसाच उभ्याने रडला. लवंगीने त्याला बस म्हटलं नाही आणि पाणीही दिलं नाही. थोड्या वेळाने तो गेला. त्यानंतर त्याने ना दुकानातून फोन केला, ना कुणाकरवी काही पाठवलं. आईचं शेवटचं दुखणंसुद्धा तिला मॅनेजरकडून कळलं, आणि तेही आई गेल्यानंतर.

ती स्टेजवर जायची अजून. मॅनेजरच म्हणाला, काम कर, बरं वाटेल. पण समोरच्या माणसाची खोड काढताना पूर्वी जो लाड असायचा, तो गेला होता. एकदा एका जाड्या गृहस्थाला तिने असं काही सुनावलं की सभागृह गपगार झालं आणि त्याची बायको रडायला लागली. मॅनेजर आत येऊन म्हणाला, "लवंगी, आज लोकांना लागलं गं."

"लागलं तर लागलं," ती म्हणाली. मग तोंडाचा रंग पुसता पुसता म्हणाली, "मला माहितीये. मलाही कळलं."

पुढच्या आठवड्यात तिने झगे परत केले. मॅनेजरने थांब म्हटलं, पण फार ताणून नाही. तिच्या जागी एक जादूगार घेतला.

खोली मात्र तिने ठेवली. येणारे कमी झाले होते. ज्या खटल्यासाठी सगळं गाव रस्त्यावर उतरलं तोच जिथे फसला, तिथे आपलं काय होणार, असं लोकांना वाटत असावं. कुणी आलं तर ती दवाखान्यात सोबत जायची, वॉर्डात खाट मिळवून द्यायची, औषधं समजावून सांगायची. तेवढं जमायचं.

एके दुपारी एक मुलगी वर आली. ओठ सुजलेला, एका पायात चप्पल नाही. दारातल्या पाटीकडे बघून आत आली आणि म्हणाली, "तुम्हीच ना लवंगीताई? मला तक्रार द्यायचीये. माझा मामा आणि त्याची दोन माणसं. मला नावं माहितीयेत, मी सगळं सांगीन."

"तुझ्या बाजूने कोण बोलेल?" लवंगीने विचारलं.

"माझी बहीण. तिने बघितलंय. ती बोलते म्हणाली."

लवंगीने तिला खुर्चीत बसवलं. ओठ पुसून दिला. "बहिणीचं लग्न झालंय?"

"नाही अजून. का?"

"दुसऱ्या शहरात तुझं कुणी आहे?"

मुलीला आधी कळलंच नाही. मग तिचा चेहरा बदलला. "पण ताई, तुम्हीच तर टीव्हीवर म्हणाला होतात. मी शाळेत होते तेव्हा. गप्प बसू नका म्हणून."

"म्हणाले होते."

"मग?"

 लवंगी कापूस हातात धरून उभी राहिली. मुलगी रडायला लागली, मोठ्याने, लहान मुलं रडतात तशी, आणि खालच्या यंत्रांच्या आवाजात ते रडणं निम्मं बुडून गेलं. तिला हसवावं असं लवंगीच्या फार मनात आलं. मामाचीच नक्कल करून दाखवावी, कसा चालतो, कसा बोलतो ते विचारून घ्यावं. पण तिच्या तोंडून काही फुटेना.

"माझ्या ओळखीच्या एकीची दुसऱ्या शहरात शिवणकामाची खोली आहे," ती शेवटी म्हणाली. "ती तुला ठेवून घेईल. तू बस इथे, दाराला आतून कडी लाव. बस कधी आहे ते मी विचारून येते."

 लवंगीने आपल्या चपला काढून तिच्या पायांशी ठेवल्या, कोपऱ्यातले जुने बूट पायात सरकवले आणि जिना उतरायला लागली. मागे कडी लागल्याचा आवाज येईपर्यंत ती मधल्या पायरीवर थांबली, आणि मग खाली गेली.