गुंड्याचं वजन

आई शेवटी एवढंच म्हणाली होती, "माह्या गुंड्याले उपाशी ठेवू नका." ती गेल्यापासून बाबा गुंड्याला रोज साखर घातलेल्या दुधात बिस्किटं कुस्करून देत. वर्षभरात आमचा हा गावठी कुत्रा चांगलाच फुगला. संध्याकाळी दोघं फिरायला निघाले की शेजारचे चंपतकाका ओरडत, "गुरुजी, कुत्रा पाळला का डुक्कर?" बाबांना ते कौतुक वाटे.

मी हैदराबादला एका प्रयोगशाळेत उंदरांवर काम करते. तेलकट खाद्याने लठ्ठ झालेल्या उंदरांच्या हिरड्या सुजल्या, की त्यांच्या जबड्याचं हाड सडपातळ उंदरांपेक्षा लवकर झिजतं का, हे आम्ही मोजतो. आमच्या उंदरांत तरी झिजत होतं. सुटीत घरी आले तेव्हा गुंड्याच्या तोंडाला वास येत होता. ओठ वर करून पाहिलं. हिरड्या लालभडक होत्या, दाढा हलत होत्या.

"बाबा, याले दुखते."

"पोटभर खाऊन राह्यला ना! दुखलं असतं तर खाल्लं असतं काय?"

"मऊ हाये म्हणून खाते. भाकर देऊन पाहा."

बाबांनी तुकडा टाकला. गुंड्याने तो हुंगला, चाटला आणि बाबांकडे पाहत बसला.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "दाढा काढाव्या लागतील. पण इतक्या लठ्ठ कुत्र्याला भूल देणं धोक्याचं आहे. आधी वजन उतरवा."

घरी आल्यावर बाबा "तुह्या आईले काय सांगू आता?" एवढंच म्हणाले, आणि बिस्किटांचा पुडा माझ्या बॅगेत टाकला.

मी परत गेले. बाबा त्याला मोजून पेज देऊ लागले. "लेकरू दारापाशी रडते, शुभे," फोनवर सांगत, "पण मी देत नाही." वजन उतरत गेलं, मग एकदम घसरलं. मी खूश होऊन दाढा काढायची तारीख घ्यायला सांगितली.

त्यासाठी घरी आले, तर पेजेची वाटी भरलेलीच होती.

"कवापासून खात नाही?"

"चार-पाच दिस. मले वाटलं, कमी खायची सवय लागली."

दवाखान्यात पोचायच्या आत, ऑटोतच, गुंड्याने बाबांच्या मांडीवर प्राण सोडला.

त्याला पुरून आल्यावर बाबांनी विचारलं, "दुखण्यानं गेला, का मी उपाशी ठेवला म्हणून?"

ते कळायला तुलनेसाठी अगदी तसाच दुसरा कुत्रा लागला असता, दूध-बिस्किटांवर ठेवलेला.

"दुखण्यानं," मी म्हणाले.

"पक्कं?"

मी मान डोलावली.